मास्टर्स बघताना ऑगस्टाची जमीन कशी वाचावी

एप्रिलमध्ये आपल्याकडे शेडनेटखालची रोपंसुद्धा दुपारी माना टाकतात, त्याच दिवसांत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबवर मास्टर्स स्पर्धा भरते. टीव्हीवर ती बघणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: हिरवळ सुंदर, फुलं सुंदर, पण खेळात नेमकं काय चाललंय ते कळत नाही. मी उरुळी कांचनजवळ नर्सरी चालवते. गोल्फ खेळत नाही, पण ही स्पर्धा चारही दिवस मन लावून बघते, कारण ऑगस्टात खेळाडूच्या बरोबरीने जमीन खेळत असते. ती वाचता आली, की चेंडू हवेत असतानाच कळतं, हा फसला. ती वाचायची कशी, ते सांगते.

लागतील तेवढेच शब्द आधी. जिथून पहिला फटका मारतात तो टी. मधला कातरलेला पट्टा फेअरवे. शेवटचं, गालिचासारखं कापलेलं गवत म्हणजे ग्रीन. त्यातल्या भोकात उभा असलेला झेंडा म्हणजे पिन. वाळूचा खड्डा तो बंकर. ग्रीनवर चेंडू घरंगळत नेतात तो पट. टीपासून भोकापर्यंतचा सगळा प्रवास म्हणजे एक होल, आणि असे अठरा. एका होलसाठी जितके फटके अपेक्षित ते त्याचं पार. एवढ्यावर भागतं.

पाणी कुठे जातं ते आधी बघा

नवी जागा घेतली, की मी पहिल्यांदा बघते ती पाण्याची वाट. ऑगस्टालाही तिथूनच सुरुवात करा. क्लबहाऊस उंचावर आहे. तिथून जमीन उतरत उतरत रेज क्रीक नावाच्या ओढ्यापर्यंत जाते. अकराव्या होलचं ग्रीन आणि बाराव्याचं ग्रीन हा सगळ्यात खोलगट भाग. उंच आणि सखल टोकांत दीडशे फुटांहून जास्त फरक आहे. एकट्या दहाव्या होलवर टीपासून ग्रीनपर्यंत शंभर फुटांहून अधिक उतार आहे. टीव्हीवर हे जाणवतच नाही. कॅमेरा उंच मचाणावर असतो आणि वरून बघितलं की प्रत्येक उतार सपाट दिसतो.

यावर एक साधा उपाय आहे. हातात पोस्टकार्ड किंवा जाड कागदाचा चौकोनी तुकडा ठेवा. पडद्यावर उंच पाइन दिसले, की चित्र थांबवा. पाइनची खोडं बहुतेक ओळंब्यात असतात. कार्डाची उभी कड खोडाला समांतर धरा. मग कार्डाची खालची कड ही खरी आडवी पातळी. त्या कडेखाली फेअरवे कसा तिरका जातो, ते एका नजरेत दिसतं. कॅमेरा उताराला आडवा असेल तेव्हा हे फार छान जमतं. माझा भाचा पुण्यात गोल्फ शिकतो. त्याला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, हा फेअरवे नाही, घाट आहे." तेव्हापासून पडद्याशेजारी कार्ड तोच आणून ठेवतो.

दुसरी खूण खेळाडूच्या पायांत. फटका मारायला उभा राहिला की चेंडू त्याच्या पायांच्या वर आहे की खाली, ते बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा वर असेल, तर फटका डावीकडे ओढला जातो. खाली असेल, तर उजवीकडे निसटतो. ऑगस्टात सपाट जागेवरून फटका मारायला मिळणं ही चैन आहे.

तिसरी खूण ग्रीनवर. तिथल्या जुन्या कॅडींचा, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहून त्याला सल्ला देणाऱ्यांचा, अनुभव असा, की पट कुठल्याही दिशेने मारा, चेंडूचा ओढा रेज क्रीककडेच असतो. डोळ्यांना उतार उलटा वाटला तरी. हे ज्ञान पायांनी मिळवलेलं होतं. 1982 पर्यंत मास्टर्समध्ये खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत. ते जवळपास सगळे कृष्णवर्णीय, ऑगस्टा गावातले. त्यांच्यातले कार्ल जॅक्सन पोरवयात तिथे कामाला लागले. 1984 आणि 1995 मध्ये बेन क्रेनशॉ जिंकला, तेव्हा त्याच्या शेजारी पटची रेषा सांगायला तेच उभे होते. या मैदानाचा इतिहास सांगताना संस्थापकांची नावं सगळे घेतात. मला जॅक्सन यांचं नाव त्यांच्या जोडीने घ्यावंसं वाटतं.

ही जमीन आधी नर्सरी होती

माझा जीव या मैदानात अडकला तो यामुळे. गुलामगिरीच्या काळात इथे निळीची लागवड होती. 1854 मध्ये बांधलेलं काँक्रीटच्या भिंतींचं घर आज क्लबहाऊस आहे. 1857 मध्ये बेल्जियमहून आलेल्या बर्कमन्स कुटुंबाने ही जागा घेतली आणि फ्रूटलँड नर्सरीज सुरू केली. फळझाडं, शोभेची झुडपं, देशोदेशीहून मागवलेली रोपं. प्रॉस्पर बर्कमन्स यांनी अझेलियासारखी झुडपं अमेरिकेच्या दक्षिणेत लोकप्रिय केली. क्लबहाऊसकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा 61 मॅग्नोलिया आहेत. ती झाडं त्या काळी बियांपासून वाढवलेली आहेत. बी पेरून इतका मोठा विचार करणारा नर्सरीवाला मला जवळचा वाटतो.

प्रॉस्पर 1910 मध्ये गेले आणि पुढे काही वर्षांत नर्सरी बंद पडली. मधे इथे मोठं हॉटेल उभारायचा बेत झाला आणि फसला. 1931 मध्ये 365 एकर जागा 70,000 डॉलरला विकली गेली. घेणारे दोघे: बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स. जोन्स अटलांटाचा वकील, हौशी खेळाडू. 1930 मध्ये त्या वेळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकून 28 व्या वर्षी त्याने स्पर्धात्मक खेळ सोडला होता. रॉबर्ट्स न्यूयॉर्कचा पैशांचे व्यवहार जाणणारा माणूस. महामंदीचे दिवस, सभासद मिळेनात, तरी काम सुरू झालं.

नर्सरीचा वारसा आजही नावांत आहे. प्रत्येक होलला एका वनस्पतीचं नाव आहे. पहिला 'टी ऑलिव्ह', पाचवा मॅग्नोलिया, सातवा पँपस, दहावा कॅमेलिया, तेरावा अझेलिया, सतरावा नँडिना. यातला नँडिना आमच्याकडे कुंड्यांसाठी रोज विकला जातो. कॅमेलियाला मात्र आपल्या पठारावरचा उन्हाळा सोसत नाही. बघताना होलचे आकडे पाठ करायचा कंटाळा येत असेल, तर नावं लक्षात ठेवा. मला तरी ती लवकर बसली.

नर्सरीवाल्याला चटकन कळेल अशी आणखी एक गोष्ट. आज ज्याला पहिले नऊ होल म्हणतात, ते 1934 च्या पहिल्या स्पर्धेत शेवटचे नऊ होते. पुढच्या वर्षी क्रम उलटा केला. कारण गोठलेलं दव. थंड हवा जड, ती खोलगटात जाऊन बसते. नाशिककडचे द्राक्षवाले यासाठीच थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. ऑगस्टात ओढ्याकाठच्या सखल, सावलीतल्या होल्सवर सकाळी गोठलेलं दव उशिरापर्यंत वितळत नसे. मग ते होल दिवसाच्या उत्तरार्धात खेळायचे असं ठरलं. हवामानासाठी केलेल्या त्या बदलामुळेच शेवटच्या दिवशी सगळं नाट्य ओढ्याकाठी घडतं. 1935 मध्ये जीन सॅराझनने पंधराव्या होलवर सुमारे 235 यार्डांवरून दुसऱ्याच फटक्यात चेंडू भोकात घातला. या फटक्याने स्पर्धेचं नाव झालं. वर्षभर आधी हाच होल सहावा होता. सहाव्या होलवरच्या फटक्याचा इतका गाजावाजा झाला असता असं मला वाटत नाही.

झेंड्यापासून मागे या

आता मुख्य भाग. मैदानाची आखणी अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी जोन्सच्या साथीने केली. मॅकेन्झी मूळचे डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात शल्यचिकित्सक म्हणून गेले. तिथे बोअर सैनिक जमिनीच्या चढउतारांत स्वतःला कसे लपवतात, ते त्यांनी नीट पाहिलं. पुढे बंकर आणि उंचवटे असे घडवले, की ते माणसाने केलेत हे कळू नये. जोन्सने 1929 मध्ये कॅलिफोर्नियातलं त्यांनी आखलेलं सायप्रस पॉइंट मैदान पाहिलं आणि त्याच्या मनात हा माणूस भरला. दोघांचंही दैवत एक: स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे मैदान. सुरुवातीला ऑगस्टात फक्त 22 बंकर होते. फेअरवे भरपूर रुंद. उंच गवताचा त्रास नाही. मॅकेन्झी जानेवारी 1934 मध्ये वारले. आपल्या मैदानावरची पहिली स्पर्धा त्यांनी पाहिली नाही, ठरलेलं मानधनही त्यांना पूर्ण मिळालं नाही.

रुंद फेअरवे बघून नवख्याला वाटतं, सोपं आहे. फसवणूक तिथेच. चेंडू फेअरवेत कुठेही ठेवता येतो, पण पिन जिथे असेल त्यानुसार फेअरवेचा एखादाच तुकडा उपयोगाचा असतो. म्हणून होल टीपासून पुढे वाचू नका. झेंड्यापासून मागे या. पहिला प्रश्न: पिनच्या कुठल्या बाजूला उतार सोसायला बरा? दुसरा: तिथे चेंडू पडायला फटका कुठून यायला हवा? तिसरा: टीवरून तिथे पोचायला कुठला धोका पत्करावा लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर पेन्सिलीने रेघा ओढून काढा. मी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर काढते.

तेरावा होल या पद्धतीने वाचून बघा. पार पाच, डावीकडे वळणारा. ओढा डाव्या कडेने वाहत येतो आणि मग ग्रीनच्या समोरून जातो. फेअरवे उजवीकडून डावीकडे, म्हणजे ओढ्याकडे झुकलेला. आता झेंड्यापासून मागे या. दोन फटक्यांत ग्रीनवर जायचं तर चेंडू ओढा ओलांडून उंचावरून, अलगद उतरायला हवा. त्यासाठी उभं राहायला सपाट जागा हवी. सपाट जागा आहे कुठे? डावीकडे, ओढ्याच्या अगदी काठाशी, वळणाच्या आतल्या बाजूला. तिथून अंतरही कमी. उजवीकडे सुरक्षित मारलं, तर पाण्याची भीती नाही, पण पुढचा फटका लांबचा, आणि चेंडू पायांच्या वर. पहिल्या फटक्याला जितकं धैर्य, तितका दुसरा सोपा. सक्ती कुठेच नाही. सावध खेळाडू तीन फटक्यांत ग्रीन गाठून पार करू शकतो. माझ्या मते गोल्फच्या आखणीतला सगळ्यात देखणा विचार या एका होलमध्ये आहे. आधुनिक खेळाडू वळणावरच्या झाडांवरून चेंडू उडवायला लागले, तेव्हा 2023 मध्ये टी मागे नेऊन हा होल 510 चा 545 यार्ड केला. मला हा बदल पटला. डोंगर, ओढा, उतार काहीच न हलवता जुना प्रश्न पुन्हा उभा केला.

बारावा याच्या उलट. जेमतेम 155 यार्ड, पार तीन, मारायचा फक्त एक फटका. ग्रीन आडवं पसरलेलं, खोलीला अगदी चिंचोळं, समोर ओढा, पुढे एक बंकर, मागे दोन. आता कागदावर ग्रीन काढा आणि नीट बघा: ते सरळ आडवं नाही, तिरकं आहे. उजवी बाजू टीपासून लांब, डावी जवळ. उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका थोडा चुकला, तर तो एक तर उजवीकडे आणि आखूड जातो, किंवा डावीकडे आणि लांब. उजवीकडे आखूड म्हणजे थेट पाणी, कारण काठाचं गवत बारीक कातरलेलं असतं आणि चेंडू घसरत खाली जातो. डावीकडे लांब म्हणजे मागचा बंकर किंवा झुडपं. ग्रीनचा तिरकेपणा माणसाच्या स्वाभाविक चुकीच्या बरोबर विरुद्ध बेतलेला आहे. त्यात पाइनच्या भिंतींमुळे वारा गरगरतो, अकराव्याच्या झेंड्यावर एक दिशा आणि बाराव्याच्या झेंड्यावर दुसरी. डावखुऱ्यांची चूक मात्र ग्रीनच्या तिरकेपणाशी जुळते. 2003 ते 2014 या काळात माइक वीअर, फिल मिकलसन आणि बबा वॉटसन या तीन डावखुऱ्यांनी मिळून सहा वेळा मास्टर्स जिंकली, त्यामागच्या कारणांत हेही एक असावं.

रविवारी इथे पिन बहुधा उजवीकडे असते. 2019 मध्ये शेवटच्या दिवशी मोलिनारी, फिनाऊ, केप्का, पोल्टर या सगळ्यांचे चेंडू ओढ्यात गेले. टायगर वुड्सने पिनकडे बघितलंसुद्धा नाही. बंकरच्या वरून, ग्रीनच्या डाव्या भागात सुरक्षित फटका टाकला, दोन पट केले आणि पुढे विजेत्याचं हिरवं जॅकेट पाचव्यांदा घातलं. पिनपासून मागे वाचत आलात, तर त्याचा फटका कंटाळवाणा वाटणार नाही. त्या दिवसातला सगळ्यात मोठा निर्णय तो होता.

जुन्या खुणा शोधा

मैदान 1933 मध्ये होतं तसं आज मुळीच नाही, आणि बदलांच्या खुणा जमिनीवर दिसतात. दहाव्या होलवर ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे, फेअरवेच्या मधोमध एक भलामोठा, वेड्यावाकड्या कडांचा बंकर आहे. आजच्या खेळाडूला त्याचा जवळपास त्रास नाही. मूळचं ग्रीन त्याच्या शेजारी, सखल जागी होतं, पाणी साचायचं. 1937 च्या सुमारास पेरी मॅक्सवेल यांनी ते मागे, उंचावर नेलं. बंकर तिथेच राहिला. मॅकेन्झींची शैली बघायची तर कॅमेरा दहाव्यावर गेला की याच बंकरवर नजर ठेवा.

सोळाव्यावरचं तळं 1947 च्या फेरआखणीतलं, रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांच्या हातचं. आधी तिथे ओढ्यावरून मारायचा साधा आखूड होल होता. सतराव्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जाणारा पाइन होता. अध्यक्षांचे चेंडू त्यावर इतके आपटायचे की 1956 मध्ये त्यांनी तो तोडावा असं सुचवलं, क्लबने मानलं नाही. फेब्रुवारी 2014 च्या बर्फवादळात मात्र तो गेला. 1997 मध्ये वुड्स 12 फटक्यांनी जिंकला, आणि 2002 पर्यंत मैदान सुमारे 285 यार्डांनी लांबवलं गेलं. आता ते 7,500 यार्डांच्या वर आहे आणि बंकर चाळीसहून अधिक. चौदाव्यावर मात्र आजही एकही बंकर नाही. तिथे फक्त ग्रीनचे चढउतार बघा.

क्लब खाजगी आहे, सभासदत्व आमंत्रणानेच मिळतं. बदल करायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून जमिनीवर इतक्या लवकर हात फिरतो. तोच बंदिस्तपणा माणसांच्या बाबतीत क्रूर होता. कॅडी कृष्णवर्णीय, पण मास्टर्स खेळायला मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ली एल्डर, तोही 1975 मध्ये. पहिला कृष्णवर्णीय सभासद 1990 मध्ये. स्त्रिया सभासद झाल्या 2012 मध्ये. मैदानावर जीव असला तरी हे सांगितल्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही. भारतीयांपैकी इथे पहिला खेळला जीव मिल्खा सिंग, 2007 मध्ये. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2015 मध्ये पोचला.

गवताकडे दुर्लक्ष करू नका

फेअरवेचं मूळ गवत म्हणजे बर्म्युडा, आपली हरळी. शेतकरी जी खणून खणून काढतो, तीच. ती उन्हाळ्यात माजते आणि थंडीत पिवळी पडून झोपते. म्हणून सप्टेंबरच्या सुमारास तिच्यावर रायग्रास पेरतात. एप्रिलमध्ये टीव्हीवर जो गर्द हिरवा रंग दिसतो, तो रायचा. हरळी खाली असते. मेअखेरीस क्लब बंद होतो आणि ऑक्टोबरमध्ये उघडतो, त्यामुळे गवताला उन्हाळाभर विश्रांती मिळते. ग्रीनवर 1981 पासून बेंटग्रास आहे. ते थंड हवेचं गवत, जॉर्जियाच्या उष्ण, दमट हवेत मुळं कुजायची भीती मोठी. ग्रीनच्या खाली नळ्यांचं जाळं आहे. त्यातून हवा ओढून मुळांजवळचा ओलावा कमी करतात. सकाळी पाऊस पडून दुपारी ग्रीन पुन्हा कडक आणि वेगवान दिसलं, तर त्यामागे ही यंत्रणा असते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे मी आमच्या कामगारांना रोज सांगते. इतक्या काटेकोरपणे ते पाळलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

रविवारची रात्र

चार दिवस जागणं प्रत्येकाला जमत नाही. एकच रात्र निवडायची तर रविवारची. शेवटची जोडी आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीच्या आसपास निघते, पहाटे अडीच-तीनच्या सुमारास ओढ्याकाठी पोचते आणि साडेचारच्या आगेमागे निकाल लागतो. तेव्हा संध्याकाळी झोप काढून घ्या आणि दीडचा गजर लावा.

बाराव्याचं ग्रीन आधीच काढून ठेवा आणि प्रत्येकाचा चेंडू कुठे पडला तिथे टिंब द्या. पंधरावीस टिंबांत तिरकेपणा तुमच्या कागदावर उमटेल. सोळाव्यावर पिन बहुधा डावीकडे, तळ्याच्या बाजूला असते. तिथे झेंड्याकडे बघू नका, झेंड्याच्या उजवीकडचा चढ बघा. जाणता खेळाडू चेंडू त्या चढावर टाकतो आणि उतार त्याला भोकाकडे आणून देतो. अठराव्यावर टीवरून झाडांच्या अरुंद बोळातून चढावर मारावं लागतं, वळणावर डावीकडे दोन बंकर. 1988 मध्ये सँडी लाइलचा चेंडू त्यातल्या एकात गेला होता. त्याने वाळूतून सात नंबरच्या आयर्न काठीने पिनच्याही पलीकडे, मागच्या चढावर चेंडू टाकला. तो हळूहळू मागे घरंगळत खाली आला, लाइलने पट घातला आणि मास्टर्स जिंकणारा पहिला ब्रिटिश खेळाडू ठरला. अठराव्यावर कुणाचा चेंडू पिनच्या पुढे गेला, तर लगेच चुकला म्हणू नका. मागचा उतार त्याला परत आणतो का, तेवढं थांबून बघा.